मंगळाच्या घरातला फिटर



मंगळावर अजून एकही माणूस गेलेला नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण मंगळासारख्या घरात राहून आलेली शेकडो माणसे आज पृथ्वीवर हिंडत-फिरत आहेत, असे मी सांगितले तर तुम्ही म्हणाल, ही काय थाप! थाप नाही. आमच्या सरांनी मागच्या महिन्यात प्रोजेक्टरवर त्या घरांची चित्रे दाखविली. वर्गातल्या सगळ्यांना हेल्मेट घातलेली माणसे आवडली. मला मात्र एका चित्रातला माणूस आवडला, जो जमिनीवर उताणा पडून एका नळीकडे बॅटरीचा उजेड पाडून बघत होता. आमचे अण्णा (माझे चुलते) विहिरीवरची मोटर दुरुस्त करताना अगदी असेच झोपतात. म्हणून मी या लेखासाठी विषय निवडला तो मंगळवीरांचा नाही, मंगळाच्या घरातल्या फिटरचा.

आधी हे पाहू, की असली घरे बांधायची तरी कशाला?

मंगळावरची हवा फार विरळ आहे. तिचा दाब आपल्याकडच्या हवेच्या दाबाच्या शंभराव्या हिश्श्यापेक्षाही कमी, आणि त्यात बहुतेक सगळा कार्बन डायऑक्साइड. थंडी तर विचारूच नका. तेथे माणूस राहायचा तर बंद घरातच राहणार, आणि बाहेर पडायचे तर खास पोशाख घालूनच पडणार. श्वासाची हवा, पिण्याचे पाणी, दिव्याची वीज, सगळे यंत्रावर. आपल्याकडे वीज गेली तर आपण ओट्यावर जाऊन बसतो. तेथे ओटाही नाही आणि वाराही नाही. यंत्र थांबले की माणूस थांबला.

आणि यंत्र म्हटले की ते बिघडणारच. अण्णा म्हणतात, "चालणारी वस्तू झिजतीच पोरी, झिजत न्हाई ती ठेवलेली." मग मंगळावर बिघडले तर? पृथ्वीवरून मंगळाकडे यान पाठवायला सोयीची वेळ सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते. त्या वेळी यान सुटले तरी पोचायला सहा ते नऊ महिने लागतात. म्हणजे एक रबरी वॉशर मागविला तर तो हातात पडेपर्यंत पहिलीतले मूल तिसरी-चौथीत गेलेले असेल. म्हणून शास्त्रज्ञांनी ठरविले, की आधी पृथ्वीवरच तसली घरे बांधू, त्यात माणसे कोंडून ठेवू, आणि काय काय मोडते, ते कोण कसे नीट करते हे बघू.

यातले एक जुने घर अमेरिकेत युटा राज्याच्या वाळवंटात, हँक्सव्हिल नावाच्या लहानशा गावापासून काही अंतरावर आहे. त्याचे नाव 'मार्स डेझर्ट रिसर्च स्टेशन'. ते 'मार्स सोसायटी' या संस्थेचे आहे. ही संस्था १९९८ साली रॉबर्ट झुब्रिन या इंजिनियरने स्थापन केली. युटाचे घर २००१ साली उभे राहिले आणि पहिली तुकडी २००२ च्या फेब्रुवारीत तेथे राहायला गेली. तेव्हापासून दर हंगामात तुकड्या येतात. एका तुकडीत साधारण सहा जण असतात व बहुधा दोन आठवडे राहतात. हंगाम हिवाळा-वसंताचा. उन्हाळ्यात तेथे इतके तापते, की त्या जाड पोशाखात माणूस उकडून निघेल. तेथली माती लाल, टेकड्या लाल, झाड दृष्टीस पडत नाही. चित्र पाहून आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, "हे तर मुरमाचं माळरान!" खरेच तसे दिसते.

घर कसे आहे

डब्यासारखे गोल, पांढरे, दुमजली. रुंदी सुमारे ८ मीटर. एवढ्या जागेत सहा माणसे. खालच्या मजल्यावर बाहेर जाण्याची खोली, पोशाख ठेवण्याची जागा, न्हाणीघर आणि काम करण्याची जागा. वरच्या मजल्यावर स्वयंपाक, जेवणाचे टेबल आणि झोपायच्या सहा चिंचोळ्या खोल्या, कपाटच म्हणा ना. घराशेजारी भाजीपाल्याचे हरितगृह, प्रयोगशाळेचा घुमट आणि आकाश पाहण्याच्या वेधशाळा आहेत. पुढे या इमारती बोगद्यासारख्या झाकलेल्या वाटांनी जोडल्या, म्हणजे एकीतून दुसरीत जाताना दर वेळी पोशाख चढवायला नको.

आणि फिटरची खोली! ती तर ऐकण्यासारखी आहे. चिनूक नावाचे दोन मोठ्या पंख्यांचे हेलिकॉप्टर तुम्ही चित्रात पाहिले असेल. तसल्या एका जुन्या हेलिकॉप्टरचे धूड आणून त्याचेच दुरुस्तीचे वर्कशॉप केले आहे. ज्यांनी भंगारातून दुरुस्तीची खोली केली त्यांना दुरुस्ती कळते, असे माझे मत झाले.

या घराचा मुख्य नियम असा की, दारातून तसेच बाहेर जायचे नाही. आधी एका लहान खोलीत शिरायचे, मागचे दार लावायचे आणि पाच मिनिटे थांबायचे. खऱ्या मंगळावर तेवढ्या वेळात खोलीतली हवा काढून घेतील, म्हणून येथेही थांबायचे. मग पुढचे दार. येथे बाहेर आपलीच हवा आहे, कोणी तसेच बाहेर गेले तर मरणार नाही. तरीही ते थांबतात. भातुकलीतही ताट रिकामे असते, पण आपण जेवल्यासारखे करतोच की. फरक एवढाच की भातुकलीतला पंप बिघडत नाही, आणि यांचा पंप खराखुरा बिघडतो.

प्रत्येक तुकडीत एक कमांडर असतो, कोणी भूगर्भशास्त्रज्ञ, कोणी वनस्पतिशास्त्रज्ञ, कोणी प्रकृतीची काळजी घेणारा, आणि एक इंजिनियर. हा इंजिनियर म्हणजेच मी म्हणते तो फिटर. सकाळ-संध्याकाळ घरभर फिरून तो सगळे तपासतो. टाकीत पाणी किती, वीज किती आली, किती खर्च झाली, बॅटऱ्या किती भरल्या. पोशाखांच्या पाठीवरच्या पेटीत लहान पंखे असतात, ते हेल्मेटात हवा सोडतात. पंखा मंदावला की काच धुक्यासारखी पांढरी होते व समोरचे दिसत नाही. म्हणून ते पंखे व त्यांच्या बॅटऱ्या रोज बघायच्या. बाहेर हिंडायला विजेवर चालणाऱ्या लहान गाड्या आहेत, त्यांचीही नोंद. हे सगळे लिहून रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळेत बाहेरच्या मदतनीस मंडळींना अहवाल जातो. काही बिघडले नसले तरी जातो. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे वही निघते ती मोडल्यावर.

पाण्याची गोष्ट

त्या वाळवंटात विहीर नाही. पाणी बाहेरून गाडीने आणून घराबाहेरच्या टाकीत भरतात. तेथून पंपाने ते आतल्या, वरती उंचावर ठेवलेल्या टाकीत चढवितात. म्हणजे आपल्या शाळेसारखेच! पंप, नळी, उंच टाकी. आणि आजारही आपल्यासारखेच. पंपाने हवा धरली की पाणी चढत नाही. टाकी भरली हे कळले नाही तर वरून वाहते. रात्री कडाक्याची थंडी पडते तेव्हा नळीतले पाणी गोठण्याची धास्ती, हे तेवढे आपल्याकडे नाही. पाणी गोठले की फुगते व नळी फुटते. बर्फ पाण्यापेक्षा जास्त जागा व्यापतो हा धडा आपल्याला विज्ञानात आहे. मी तो पाठ केला होता, पण त्याने नळी फुटते हे आता ध्यानात आले.

सुरुवातीच्या काळात त्यांनी सांडपाण्यावरही प्रयोग केले. आंघोळीचे व भांड्यांचे पाणी हरितगृहातल्या टाक्यांतून, वनस्पतींच्या मुळांतून व सूक्ष्म जिवांकडून साफ करून घ्यायचे आणि शौचालयासाठी वापरायचे. पिण्यासाठी नाही. आकाशातल्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात तर याहून पुढे गेले आहेत. तेथे लघवी, घाम आणि श्वासातली वाफसुद्धा पकडून तिचे पिण्याचे पाणी करतात. १०० लिटर पाण्यातले सुमारे ९८ लिटर परत मिळविता आले, असे नासाने २०२३ साली जाहीर केले. हे ऐकून मुलींनी नाक मुरडले. पण सर म्हणाले, "ढगातलं पाणी तरी कुठून आलंय गं?"

पाण्याचे एक गणित आम्ही शाळेतच केले. जिन्याजवळचा नळ बंद केला तरी टपकत होता. सेकंदाला जवळजवळ एक थेंब. परिपाठ झाल्यावर १०.४५ वाजता त्याखाली लिटरची बाटली लावली. ती सव्वाचारला काठोकाठ भरली. साडेपाच तासांना एक लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे ४.३ लिटर, महिन्याला १३० लिटर. मग सरांनी विचारले, मंगळावरच्या घरात बाहेर जाणाऱ्या नळीला असली गळती लागली आणि २६ महिने कोणी बघितलीच नाही, तर? २६ महिन्यांचे दिवस झाले सुमारे ७९०. गुणाकार केला, ३,४०० लिटरच्या आसपास आले. आपल्या शाळेच्या गच्चीवरची टाकी १,००० लिटरची आहे. तीन टाक्या आणि वर चारशे लिटर. एका थेंबाने!

चिठ्ठीला लागणारा वेळ

आता कोणी म्हणेल, फिटरला नाही समजले तर फोन करून विचारावे. येथेच तर गंमत आहे. बिनतारी संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो, म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटर. मंगळ अगदी जवळ असतो तेव्हा सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो. भागाकार करा, तीन मिनिटे येतात. तो सूर्याच्या पलीकडे जातो तेव्हा ४० कोटी किलोमीटर. तेव्हा बावीस मिनिटे. म्हणजे "हॅलो" म्हटल्यावर तिकडून "हां, बोला" ऐकायला चव्वेचाळीस मिनिटे!

याचा खेळ आम्ही एका शनिवारी केला. तोच जिन्याजवळचा नळ घेतला. एक गट नळाजवळ, तो मंगळावर. दुसरा गट शेवटच्या वर्गात, तो पृथ्वीवर. पृथ्वीच्या गटाजवळ अण्णांना बसविले, कारण फिटरकाम त्यांनाच येते. बोलायचे नाही, चिठ्ठीच पाठवायची, आणि प्रत्येक चिठ्ठी दहा मिनिटे अडवून धरायची. घड्याळ माझ्याकडे होते.

पहिल्या गटाची चिठ्ठी गेली : "नळ गळतो आहे. काय करावे?" दहा मिनिटांनी ती अण्णांना मिळाली. त्यांनी लिहून दिले : "कोठून गळतो?" ती पुन्हा दहा मिनिटांनी पोचली. उत्तर गेले : "खालून." मग प्रश्न आला : "तोटीतून का सांध्यातून?" असे करता करता मधली सुट्टी झाली आणि नळ होता तसाच.

दुसऱ्या गटाने चिठ्ठी अशी लिहिली : "जिन्याजवळचा पितळी नळ. चावी घट्ट बंद केली तरी तोटीतून सेकंदाला एक थेंब पडतो. दांड्याजवळ व सांध्याजवळ कोरडे आहे. मागची मोठी चावी बंद केली आहे. आमच्याजवळ पाना, पक्कड, कात्री, जुन्या चपलेचा रबरी तळ व सुतळी आहे." वीस मिनिटांनी एकच उत्तर आले : "वरचा भाग पान्याने खोला. आत जुना वॉशर असेल, तो काढून चपलेच्या रबरावर ठेवून तसाच गोल कापा. भोक बेताचे पाडा. बसवून चावी हलकी फिरवा, आवळू नका." दहा मिनिटांत नळ बंद. अजून टपकत नाही, जाता-येता बघून घ्या.

त्या घरातल्या इंजिनियरच्या रोजच्या अहवालाचे महत्त्व मला या खेळात पटले. काय झाले, कोठे झाले, काय झालेले नाही, आधी काय केले आणि हाताशी काय आहे, एवढे एका कागदावर आले की दूरचा माणूसही उपयोगी पडतो.

पॅराशूट उघडले नाही तेव्हा

युटाच्या आधी याच संस्थेने एक घर कॅनडाच्या उत्तरेला डेव्हन बेटावर बांधले. तेथे माणसांची वस्ती नाही. हॉटन नावाचे एक प्रचंड विवर आहे, उल्का आदळून झालेले, सुमारे २० किलोमीटर रुंदीचे. त्याच्या काठावर जुलै २००० मध्ये घर उभे करायचे ठरले. रस्ता नाही, म्हणून सामान विमानातून पॅराशूटने टाकले. बरेचसे नीट उतरले. पण एका खेपेला पॅराशूटने दगा दिला. क्रेन, सामान वाहण्याची गाडी आणि घराच्या फायबरग्लासच्या जमिनी, सगळे आदळून मोडले. बांधकामासाठी आणलेले कारागीर निघून गेले. क्रेनशिवाय हे घर होणे नाही, असे त्यांचे म्हणणे.

मागे राहिले ते शास्त्रज्ञ, स्वयंसेवक आणि तेथील इन्यूइट समाजातले काही तरुण. त्यांनी काय केले, लाकडाच्या जमिनी केल्या, गाडी जुळवून बनविली, परांची बांधून भिंतींचे मोठाले तुकडे दोऱ्यांनी आणि हातांनी उभे केले. जुलै संपायच्या आत घर उभे राहिले! आपल्याकडे मांडव घालताना गाव लोटते तसेच काहीसे झाले असावे. याच घरात २००७ साली एक तुकडी चार महिने राहिली. त्यांतले काही आठवडे त्यांनी मंगळाच्या घड्याळाप्रमाणे दिवस मोजले. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा असतो. रोज चाळीस मिनिटे जास्त झोप, असे आमच्या वर्गाने लगेच गणित मांडले. सर म्हणाले, चाळीस मिनिटे जास्त अभ्यासही होऊ शकतो. असो.

खरा शॉक

ही हकिगत मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण आपल्या गावातही मोटरीचा शॉक लागणे नवीन नाही.

हवाई बेटावर मौना लोआ नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावर, सुमारे आठ हजार फूट उंचीवर, 'हाय-सीज' नावाचे घुमटाकार घर आहे. मंगळासारख्या घरात माणसे ठेवण्याचे प्रयोग तेथे २०१३ साली सुरू झाले. ऑगस्ट २०१५ ते ऑगस्ट २०१६ असे पूर्ण एक वर्ष सहा माणसे त्यात राहिली. वीज सूर्यपॅनेलची, ती बॅटऱ्यांत साठवायची, आणि ढग आले तर जनरेटर.

फेब्रुवारी २०१८ मध्ये चार जणांची नवी तुकडी आत गेली. आठ महिने राहायचे होते. चौथ्या-पाचव्या दिवशीच हवा ढगाळ झाली, बॅटऱ्या उतरल्या आणि जनरेटरवर यायची वेळ आली. त्या विजेच्या कामात एकाला शॉक बसला. तेव्हा मात्र मंगळ-बिंगळ सगळे बाजूला ठेवून खरी रुग्णवाहिका बोलवावी लागली. त्याला दवाखान्यात नेले. सुदैवाने तो बरा होऊन त्याच दिवशी घरी सुटला. पण प्रयोग तेथेच थांबला. एक जण पुढे राहायला तयार नव्हता आणि शेवटी ती मोहीमच रद्द झाली. त्यानंतर नासाने पैसे दिलेली तसली लांब मुदतीची मोहीम तेथे पुन्हा झाली नाही.

सरांनी हे सांगितले तेव्हा वर्ग शांत झाला. खऱ्या मंगळावर रुग्णवाहिका नाही. मी अण्णांना विचारले, अशा वेळी काय करायला हवे होते? ते म्हणाले, "ते मला इथून कसं कळंल? पण मी तर मेन बंद केल्याबिगर अन् टेस्टर लावल्याबिगर पेटीत हात घालत न्हाई. अन् घाईत तर मुळीच न्हाई. घाई म्हंजी अर्धा शॉक." आमच्या सगळ्या मुलांसाठी सांगते, नळाचा वॉशर ही वेगळी गोष्ट आणि विजेची पेटी ही वेगळी गोष्ट. विजेच्या पेटीला आपण हात लावायचा नाही. मोठ्यांनीही वायरमन बोलवावा. पालकहो, पावसाळ्यात ओल्या हाताने स्टार्टरचे बटन दाबता ते आम्ही बघत असतो.

सुधारणा म्हणजे काय

युटाच्या घरात पंचवीस वर्षांत पुष्कळ सुधारणा झाल्या. आधी सगळी वीज जनरेटरची होती, त्याचा आवाज आणि इंधनाचा खर्च. पुढे सूर्यपॅनेल व बॅटऱ्या आल्या आणि जनरेटर अडीअडचणीसाठी राहिला. हरितगृहाला २०१४ च्या डिसेंबरात आग लागली. आत राहणाऱ्या तुकडीनेच ती विझविली, पण हरितगृह गेले. नंतर नवे बांधले.

येथे मला एक गोष्ट जाणवली, चूक असेल तर सरांनी सांगावे. प्रत्येक सुधारणा आपल्याबरोबर नवे काम घेऊन येते. सूर्यपॅनेल आले की त्यांच्यावरची धूळ पुसणे आले. बॅटऱ्या आल्या की त्या पार उतरू न देणे आले. झाकलेल्या वाटा आल्या की वाऱ्याने त्यांचे झाकण सुटते का ते बघणे आले. नवी वस्तू आणणाऱ्याचा फोटो निघतो. ती पुसणाऱ्याचा कोणी काढत नाही.

नासानेही अलीकडे ह्यूस्टन येथे असे घर केले. ते यंत्राने, केकवर क्रीमचा थर द्यावा तसे थरावर थर घालून 'छापले' आहे. क्षेत्रफळ १,७०० चौरस फूट. त्यात जून २०२३ ते जुलै २०२४ असे ३७८ दिवस चार माणसे राहिली. त्यांच्यासमोर मुद्दाम बिघाडसुद्धा मांडले जात. परीक्षेत अचानक प्रश्न येतो तसा! आणि आपल्या भारतातही सुरुवात झाली आहे. लडाखमध्ये त्सो कार सरोवराच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंच, ८ मीटर रुंदीचे राहण्याचे घर आणि त्याला जोडून ५ मीटरचे यंत्रांचे घर उभारले. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन जण त्यात दहा दिवस राहिले. यंत्रांना निराळे घर दिले हे अण्णांना फार पटले. ते म्हणाले, "मोटर घरात न्हाई, खोपीत."

आपली नोंदवही

आता आपल्या शाळेकडे येते. व्हरांड्यातले पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दोन महिने बंद आहे. तांबडा दिवा लागतो आणि पाणी येत नाही. बसवून देणाऱ्यांचा माणूस फोनवर "येतो" म्हणतो. तोपर्यंत आम्ही घरून बाटल्या आणतो, आणि पहिली-दुसरीतली ज्यांची बाटली संपते ती मुले तिसऱ्या तासालाच पाणी मागत फिरतात. लांबच्या वस्तीवरून चालत येणारी मुले यात जास्त आहेत.

म्हणून आमच्या वर्गाने त्या मंगळाच्या इंजिनियरसारखी वही सुरू केली आहे. रोज परिपाठानंतर दोघे जण टाकीची पातळी, पाच नळ, यंत्रावरचे दिवे आणि हातपंप बघतात आणि लिहितात. काही बिघडले नसले तरी लिहितात. यंत्राबद्दल मागच्या सोमवारी मुख्याध्यापकांच्या सहीने चिठ्ठी पाठविली. ती "यंत्र बंद आहे, काय करावे?" अशी लिहिलेली नाही. यंत्राच्या पाठीवरचा नंबर, कोणता दिवा केव्हापासून लागतो, आत येणाऱ्या नळीत पाणी जोरात आहे, वीज येते हे वायरमनने तपासून सांगितले, आणि पाणी गाळण्याची नळकांडी दीड वर्षात बदललेली नाही, हे सगळे तिच्यात लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही. मंगळावरून बावीस मिनिटांत आले असते.

वही या भित्तिपत्रकाच्या खालच्या खिळ्याला सुतळीने बांधली आहे. शेवटच्या पानावर ज्या पालकांना नळकाम, गवंडीकाम, वेल्डिंग किंवा मोटरचे काम येते त्यांनी नाव व कोणत्या वारी सवड असते ते लिहावे. पेन सोबत आहे, कृपया नेऊ नये. गुरुवारपर्यंतच्या नोंदीप्रमाणे हातपंपाच्या दांड्याचा बोल्ट ढिला आहे आणि आमच्याजवळ त्या मापाचा पाना नाही.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी